चोवीस व्होल्टची गाडी

बहिणीच्या बाळंतपणाहून ती परत आली, आणि हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिला कळलं की आपल्या गाडीला कुणीतरी हात लावलाय.

बॅटरीच्या पेटीचं झाकण स्वच्छ पुसलेलं होतं. तिच्या गाडीवर पुसलेलं असं काही नसायचंच. धूळ, ग्रीस आणि घाटातला चिखल यांचा जाड थर हाच त्या गाडीचा खरा रंग होता, मूळचा हिरवा रंग कुठेतरी त्याखाली असेल तर असेल. गाडी म्हणजे सैन्यानं लिलावात काढलेला सहा चाकांचा धिप्पाड ट्रक. ठेकेदारांच्या घोळक्यात एकटीनं उभं राहून, सगळ्यांच्या नजरा आणि खोकले झेलून, तिनं तो बोली लावून घेतला होता. पुढे पोलादी दोराचा विंच, मागे क्रेनचा हात. घाटात कुणाचा ट्रक कठड्याबाहेर गेला, वळणावर आडवा झाला, की तो ओढून वर काढायचा, हा तिचा धंदा. ड्रायव्हर लोक गाडीला 'फौजी' म्हणत आणि तिला 'क्रेनवाली'. सुरुवातीला हसून म्हणत. नंतर एकेकाची गाडी दरीच्या तोंडावरून परत आली, तसं हसणं आपोआप बंद झालं.

तिनं बॉनेट उघडलं. बॅटरी चार्ज करणाऱ्या जुन्या अवजड अल्टरनेटरच्या जागी एक छोटा, चकचकीत, नवाकोरा अल्टरनेटर बसला होता.

नवरा मागच्या अंगणातल्या दुकानातून हात पुसत बाहेर आला. गाड्यांच्या वायरिंगचा मिस्त्री. सगळं गाव त्याला मिस्त्रीच म्हणे आणि तीही म्हणे. सासूबाईंसमोर आणि चारचौघांत 'अहो', दोघंच असले की 'तू'.

"हे काय आहे?" तिनं विचारलं.

"बारा व्होल्ट केली," तो म्हणाला. जशी काही भिंत रंगवली.

"कुणाला विचारून?"

"तू इथं होतीस कुठं?"

"फोन होता ना!"

"म्हटलं तिथं बाळबाळंतिणीचं चाललंय, कशाला तुझ्या डोक्याला ताप."

आता यातली खरी अडचण अशी, की मिस्त्रीचं म्हणणं चुकीचं नव्हतं. सैन्याच्या गाड्या चोवीस व्होल्टवर चालतात. बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडायच्या आणि चोवीस काढायचे. जोर भरपूर मिळतो, पण बल्ब, हॉर्न, वायपर सगळं चोवीसचं लागतं, आणि ते मिळता मिळत नाही. बाराचं सामान कोपऱ्यावरच्या दुकानात. मागच्या वर्षी वायपरची मोटर जळाली तेव्हा तिनं गारांच्या पावसात खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडी घरी आणली होती आणि आठवडाभर शिंकत होती. दोन्ही बॅटऱ्या शेजारी-शेजारी जोडून घ्यायच्या, अल्टरनेटर बाराचा, इंजिन फिरवणारा सेल्फ बाराचा, दिवे बाराचे, की कटकट संपली, असं मिस्त्री कितीतरी दिवस म्हणत होता. तीच टाळत होती. चालतंय ना, मग कशाला उसवायचं, एवढंच तिचं म्हणणं.

ती चांगली तीन दिवस भांडली. मग संध्याकाळी एकदा घाट उतरताना नवे दिवे लावले, तर पुढचं अख्खं वळण उजळून निघालं. चांगलं काम समोर दिसायला लागलं की भांडणाऱ्याची मोठी पंचाईत होते. तिनं भांडण आवरतं घेतलं, पण न विचारता हात लावल्याची बारीक कुसळ आत राहिलं ते राहिलंच. सेल्फ मारला की गाडी लागत होती, इंजिन फिरायला थोडं जड जात होतं इतकंच. नवीन आहे, रुळेल, असं मिस्त्री म्हणाला.

मग थंडी पडली.

पहिलं कडक दंव पडलं त्या दिवशी सकाळी उजाडता उजाडता जाड्याचा फोन आला. जाड्या म्हणजे घाटाखालचा दुसरा क्रेनवाला. त्याची क्रेन छोटी, पोट मोठं आणि मन त्याहून मोठं. धंद्यात तो तिचा स्पर्धक, पण मोठी गाडी गेली की पहिला फोन तो तिलाच करी.

"वहिनी, साबणाचा ट्रक गेलाय. खिंडीच्या अलीकडे. नाक खाली करून लटकलाय आणि ड्रायव्हर आत अडकलाय. डॅशबोर्ड पायावर आलाय त्याच्या. माझ्या क्रेननं मी धरून ठेवतो, पण ओढायची ताकद तिच्यात नाही. फौजीच पाहिजे. उडत या."

ती स्वेटरची एक बाही घालत, एक लोंबती ठेवत धावली. चावी फिरवली, सेल्फ दाबला. फौजीनं एक लांबलचक कण्हणं काढलं. पोटात गोळा आलेल्या म्हाताऱ्यानं कूस बदलावी तसं. अर्धा फेरा, आणि खटकन थांबलं. तिनं पुन्हा दाबला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा दाबला तेव्हा नवे दिवे विझायला आले.

"अहो!" ती ओरडली. खिडकीत सासूबाई दिसत होत्या म्हणून 'अहो'. "अहो, बाहेर या लवकर!"

मिस्त्री आला. शाल पांघरून, चहाचा कप हातात घेऊन आला. कप!

"थंडी आहे," तो म्हणाला. "डिझेल गाडी आहे. जरा ऊन येऊ दे."

"माणूस अडकलाय खाली! दुकानातली बॅटरी लावा जोडून."

"दुकानातल्या सगळ्या उतरलेल्या आहेत. कालच गिऱ्हाइकांनी आणून टाकल्यात."

"एकही भरलेली नाही?"

"नाही ना."

ती खाली उतरली, दुकानात पळत गेली, तीन बॅटऱ्यांवर स्वतः मीटर लावून पाहिला. तिन्ही मेलेल्या. परत आली, इंजिनावर गरम पाण्याच्या बादल्या ओतल्या, सेल्फला हातोडीनं ठोकलं, शिव्या दिल्या, देवाला दिल्या, डिझेलला दिल्या. जाड्याचे फोन येत होते. प्रत्येक फोनला त्याचा आवाज आणखी बारीक होत होता. "वहिनी, निघालात ना?" आणि ती "निघतेय, निघतेय" म्हणत होती, लाजेनं अर्धमेली होऊन. एवढी वर्षं या घाटात तिनं कुणाला 'निघतेय' म्हणून घरात बसून दाखवलं नव्हतं.

त्या गडबडीत तिची नजर एकदा मिस्त्रीवर गेली. तो भिंतीला टेकून उभा होता. चेहऱ्यावर काळजी होती, पण ती दुसऱ्याच्या घरच्या आजाऱ्याची असते तशी. तिला तेव्हा ते फक्त विचित्र वाटलं. विचार करायला वेळ नव्हता.

ऊन अंगणात आलं, इंजिनावर पडलं, आणि मग कुठे फौजी लागला. ती खिंडीत पोचली तेव्हा जाड्या आपल्या छोट्या क्रेनच्या ब्रेकवर उभाच होता. टायरांचा जळका वास येत होता आणि सगळ्या रस्त्यावर साबणाची खोकी फुटून पडली होती. तिनं विंचचा दोर टाकला, ट्रक वर घेतला, डॅशबोर्ड ओढून मोकळा केला. ड्रायव्हर तिशीतला, कुरळ्या केसांचा. शुद्धीवर होता. "ताई, आलात का?" एवढंच म्हणाला, त्यात तक्रार अशी काही नव्हती. तक्रार असती तर बरं झालं असतं.

पाय गुडघ्याखालून काढावा लागला. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, फार वेळ दबून राहिला, लवकर मोकळा झाला असता तर कदाचित वाचवता आला असता. 'कदाचित' हा शब्द डॉक्टर लोक दया म्हणून वापरतात. तिला तो दगडासारखा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फौजीच्या खाली शिरली.

सेल्फ बदललाय, अल्टरनेटर बदललाय, बॅटऱ्या चांगल्या आहेत. मग जोर जातो कुठे? ती पाठीवर पडून, बॅटरीच्या पेटीपासून इंजिनापर्यंत बोटानं केबल चाचपत गेली. पेटी ट्रकच्या कमरेला, इंजिन नाकाशी, मधे लांबच लांब केबल. आणि ती केबल जुनीच होती. चोवीस व्होल्टची. करंगळीएवढी.

ती तशीच पडून राहिली. पाठीला फरशी गार लागत होती, पण अंगात हळूहळू एक आग चढत होती, तळपायापासून.

कारण दुकानात आलेल्या प्रत्येक माणसाला मिस्त्री आपला हात उघडून दाखवायचा. आधी करंगळी. "चोवीसला एवढी पुरते." मग अंगठा. "बाराला एवढी लागते. व्होल्ट अर्धे केले की करंट दुप्पट ओढला जातो, त्याला जायला वाट रुंद नको का? बारीक ठेवलीत तर उन्हाळ्यात चालेल आणि थंडीत गाडी तुमच्या नावानं रडेल." हे प्रवचन तिनं इतक्यांदा ऐकलं होतं की झोपेतही म्हणून दाखवलं असतं. एकदा एका ठेकेदारानं बारीक केबल टाकून आणली, तर मिस्त्रीनं त्याला सगळ्यांदेखत झापलं होतं आणि गाडी परत पाठवली होती. या माणसाच्या हातून हे विसरून जाणं शक्य नव्हतं. स्वतःचं नाव विसरला असता, ही गोष्ट विसरला नसता.

तरीही तिनं स्वतःला समजावलं. जाड केबल मिळाली नसेल. नंतर टाकायची म्हणून राहिली असेल. नवऱ्याबद्दल वाईट विचार करताना माणूस स्वतःशीच किती वकिली करतं, ते तिला त्या दिवशी कळलं.

मिस्त्री सामान आणायला गेला होता. ती दुकानात गेली आणि शोधायला लागली. कपाट, फळ्या, जुन्या टायरांचा ढीग. कामाच्या टेबलाखाली, अगदी मागे, गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड हाताला लागलं. तिनं ओढून काढलं. अंगठ्याएवढी जाड, काळी, नवी केबल. मापानं कापलेली. दोन्ही टोकांना तांब्याच्या कड्या दाबून बसवलेल्या, वर नीट टेप गुंडाळलेली. मिस्त्रीचं काम, डोळे मिटून ओळखावं असं. आणि त्या कड्यांवर नट आवळल्याच्या चकचकीत खुणा होत्या.

म्हणजे केबल बसवली होती. काम पूर्ण केलं होतं, नेहमीसारखं चोख केलं होतं, गाडी चालू करून पाहिली असणार. आणि मग पुन्हा खाली शिरून, नट सोडून, ही काढून, जुनी बारीक केबल परत लावली होती.

ती केबल खांद्यावर टाकून स्वयंपाकघरात गेली. सासूबाई ताटात लसूण घेऊन सोलत बसल्या होत्या. ती समोरच्या खुर्चीवर बसून राहिली. सासूबाईंनी केबलकडे पाहिलं, तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि पुन्हा लसणाकडे पाहू लागल्या. कशी गंमत असते पाहा, 'हे काय आणलंस' असं त्यांनी विचारलंच नाही. तिथंच तिला कळलं की त्यांनाही माहीत आहे.

मिस्त्री आत आला तशी तिनं केबल टेबलावर आपटली. ताट उडालं, लसणाच्या पाकळ्या घरभर झाल्या.

"ही काय आहे?"

तो उभा राहिला. सुटकेची एखादी वाट आहे का, ते त्यानं क्षणभर शोधलं असावं. नव्हती.

"केबल," तो म्हणाला.

"ते मला दिसतंय. तू ती काढलीस का?"

'तू' ऐकून सासूबाईंनी मान वर केली. तिला त्याची पर्वा उरली नव्हती.

"सांग ना. बसवली होतीस, मग काढलीस का? आणि दुकानातल्या बॅटऱ्या. त्या पण गिऱ्हाइकांनीच उतरवल्या होत्या का?"

"नाही," मिस्त्री म्हणाला. "त्या मी उतरवल्या. दंव पडणार असं रेडिओवर सांगितलं होतं."

इतकं सरळ उत्तर येईल असं तिला वाटलं नव्हतं. तिनं खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"मुद्दाम केलं मी," तो पुढे म्हणाला. "थंडीत गाडी लागू नये म्हणून केलं. उन्हात लागते. उन्हाळाभर लागली असती. फक्त दंवाच्या सकाळी लागू नये. गेल्या हिवाळ्यात तू गाडीसकट कठड्याच्या बाहेर गेलीस, दोन चाकं हवेत. आठवतंय? मी वर उभा होतो. जाड्यानं दोर टाकेपर्यंत मी तिथं उभा होतो. तू आत बसून मला हात हलवून दाखवत होतीस, सगळं ठीक आहे म्हणून. तू घरी येऊन जेवून झोपलीस. मी नाही झोपलो. मी त्या दिवसापासून नीट झोपलेलो नाही."

"मग सांगायचं होतंस!"

"सांगून ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं."

"मग?"

"मग भांडायचं होतं! रोज भांडायचं होतंस. चावी हिसकावून घ्यायची होतीस, गाडीसमोर आडवं पडायचं होतंस, जाड्याला मधे घालायचं होतंस. मी तुला शिव्या दिल्या असत्या, आठ-आठ दिवस बोलले नसते. पण तोंडासमोर झालं असतं सगळं. माझ्या पाठीमागे माझ्या गाडीच्या पोटात शिरून तू..." तिनं केबलकडे बोट दाखवलं. "आणि वर मला म्हणालास, जरा ऊन येऊ दे. कप हातात घेऊन म्हणालास. मी त्या जाड्याला निघतेय, निघतेय म्हणत होते, आणि तुला माहीत होतं मी निघणार नाही!"

"मला काय माहीत, आत माणूस अडकलाय ते?"

"मी सांगितलं होतं! ओरडून सांगितलं होतं! तेव्हा तरी ही केबल आणून द्यायची होतीस. लावायला तुला किती वेळ लागला असता?"

मिस्त्रीनं टेबलावरची केबल उगाच सरळ केली. त्याला किती थोडा वेळ लागला असता ते त्या घरात सगळ्यांनाच माहीत होतं.

मग सासूबाई बोलल्या. खाली वाकून लसणाच्या पाकळ्या गोळा करत बोलल्या. "पाय त्याचा गेला, बाई. तुझा नाही गेला. मी तर हात जोडले. खोटं कशाला बोलू?"

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पण म्हातारीवर ओरडावं असं तिला वाटलं नाही, कारण म्हातारीनं निदान तोंडानं सांगितलं होतं. "तुमचं तुमच्यापाशी ठेवा," ती म्हणाली, आणि नवऱ्याकडे वळली. "उद्या सकाळी गाडी चोवीसवर आणायची. तू आणायचीस. आणि मी शेजारी बसणार."

दुसऱ्या दिवशी तिनं फौजीच्या शेजारी स्टूल टाकलं आणि दिवसभर उठली नाही. मिस्त्रीनं बारा व्होल्टचा चकचकीत अल्टरनेटर काढला, तिनं विचारलं, "ही वायर कसली?" त्यानं सांगितलं, चार्जिंगची. "आणि ही?" डॅशवरच्या लाल दिव्याची. "का?" अल्टरनेटर चार्ज करत नसला तर दिवा लागतो म्हणून. "नसेल लागत तर कसं ओळखायचं?" मीटरनं. "दाखव." तो दाखवत होता. जुना चोवीसचा अल्टरनेटर फळीवरून आला, जुना सेल्फ आला. दोन्ही बॅटऱ्या पुन्हा एकामागे एक जोडल्या गेल्या, एकीचं अधिक दुसरीच्या उण्याला. ती प्रत्येक नट आवळल्यावर पाना स्वतः हातात घेऊन ओढून पाहत होती. घरच्या माणसाच्या कामावर असा पाना ओढून पाहणं म्हणजे त्याच्या तोंडात मारण्यासारखंच, हे दोघांनाही कळत होतं. मिस्त्री दर वेळी बाजूला सरकून तिला जागा करून देत होता.

एकदाच म्हणाला, "माझ्यावर विश्वास नाही म्हणजे."

"नाही," ती म्हणाली. "पुढची वायर कसली?"

दिवे मात्र गेले. बाराचे बल्ब चोवीसवर चालत नाहीत. जुने पिवळट बल्ब परत बसले. तिला त्या झगझगीत दिव्यांची हळहळ वाटली, आणि हळहळ वाटली याचाही राग आला. मिस्त्रीला म्हणावंसं वाटलं, सगळं नीट केलं असतंस रे, ते सुद्धा तुला येत होतं. म्हणाली नाही.

सकाळी पुन्हा दंव पडलं होतं. तिनं सेल्फ दाबला आणि फौजी एका फेऱ्यात गर्जत उठला. अंगणातले कावळे उडाले. मिस्त्री दाराशी उभा होता.

"बस गाडीत," ती म्हणाली. "दवाखान्यात जायचंय."

"मी कशाला?"

"बस म्हणते ना."

तिला त्याच्याकडून एकच गोष्ट हवी होती, आणि ती तिनं त्याला सांगितली नाही. ती न सांगता यावी असं तिला वाटत होतं. तेवढी एक गोष्ट त्यानं केली असती तर बाकीचं सगळं तिनं कधीतरी, रडतकढत, पचवलं असतं.

साबणाच्या ट्रकचा ड्रायव्हर खिडकीशेजारच्या खाटेवर उशीला टेकून बसला होता. चादरीखालचा उंचवटा एका बाजूला लवकर संपत होता. तिला पाहून तो हसला आणि उगाच केस सारखे केले.

"या ताई. हे मिस्त्रीदादा का? जाड्याभाऊ सांगत होते, तुमच्या गाडीचं सगळं काम हेच बघतात." तो मिस्त्रीला म्हणाला, "दादा, ताईंना सांगा, मनाला लावून घेऊ नका. थंडीनं गाडी बंद पडली, त्याला कोण काय करणार? माझ्या नशिबाचा भाग."

तिनं मिस्त्रीकडे पाहिलं नाही, म्हणजे त्याला तिच्याकडून कसला आधार किंवा धाक नको. खिडकीबाहेर कुणीतरी झाडू मारत होतं. मिस्त्रीनं घसा साफ केला.

"हो," तो म्हणाला. "त्या दिवशी थंडी फारच होती."

इतकी वर्षं जे काही तिनं या माणसाबरोबर बांधलं होतं, त्यातलं काहीतरी त्या वाक्यासरशी मोडलं. आवाज झाला नाही. राग सुद्धा काही क्षण आला नाही.

"थंडीनं नाही पडली बंद," ती ड्रायव्हरला म्हणाली. "यांनी पाडली. बाराची जाड केबल काढून बारीक लावली होती, थंडीत गाडी लागू नये म्हणून. मुद्दाम. मी घाटात जाऊ नये म्हणून. मला परवा कळलं. तुम्हाला आज सांगायला आले."

ड्रायव्हरचं हसू तोंडावर तसंच राहिलं, ते कुठे ठेवावं हे त्याला कळत नसल्यासारखं. त्यानं मिस्त्रीकडे पाहिलं.

"खरं?"

मिस्त्रीनं होकाराची मान हलवली. मग खाली पाहत म्हणाला, "मला भीती वाटायची. हिच्या जिवाची."

ड्रायव्हर चादरीची जी बाजू सपाट होती तिच्यावरून हात फिरवत राहिला.

"माझ्या बायकोला पण वाटायची," तो शेवटी म्हणाला. "त्या दिवशी निघताना म्हणाली, दंव पडलंय, आज जाऊ नका. भांडली. माझा डबा दिला नाही, जा उपाशी म्हणाली. मी ऐकलं नाही तो माझा दोष. पण तिनं ट्रकला हात नाही लावला, दादा. तिनं मला तोंडानं सांगितलं."

ड्रायव्हरच्या ओठांना कोरड पडली होती. त्यानं खाटेशेजारच्या पाण्याच्या ग्लासाकडे हात केला. ग्लास लांब होता. मिस्त्री चटकन पुढे झाला, ग्लास उचलला आणि त्याच्यापुढे धरला.

"तुम्ही नको," ड्रायव्हर म्हणाला. "ताईंना देऊ द्या."

तिनं मिस्त्रीच्या हातातून ग्लास घेतला आणि ड्रायव्हरला पाणी पाजलं.